विलीनीकरणाचा करार आणि गांवची पंचायत

एखादें राष्ट्र किंवा संस्थान आपल्याहून मोठ्या संघांत प्रवेश करतें, तेव्हां करारावर सही राजाची अथवा प्रधानाची होते. परंतु दुसऱ्या दिवसापासून नवा कायदा चावडींत वाचून दाखवावयाचा, नवा कर बसवावयाचा, जुनें दप्तर बांधून नव्या कचेरीच्या स्वाधीन करावयाचें, हें काम स्थानिक संस्थांच्या वांट्यास येतें. ज्यांच्या माथीं हें ओझें पडतें त्यांस करारांत कांहीं स्थान असतें काय, आणि नसल्यास त्यांची पुढें कोणती गति होते, हा प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखांत विचारास घेतला आहे. युरोपांतील संघाच्या निमित्तानें या विषयाची चर्चा पुष्कळ होते. तथापि त्याचा एक अस्सल दाखला आमच्या शेजारींच पडलेला आहे. भवानीनगराहून नैर्ऋत्येस जाऊन नीरा ओलांडली कीं इ. स. १९४८ पर्यंत फलटण संस्थानाची हद्द लागत असे. आणि त्याच्याही पलीकडे सातारा व विजापूर या जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें औंध संस्थान होतें. या दोन्ही संस्थानांनीं आधीं एका संघांत प्रवेश केला व थोड्याच महिन्यांत तीं मुंबई प्रांतांत विलीन झालीं.

प्रथम आपल्या शास्त्रकारांचें मत पाहूं. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत, जिंकलेल्या देशाचे जे धर्म्य आचार असतील ते विजयी राजानें प्रमाण मानावे, असें सांगितलें आहे. कौटिल्यानें तर ‘लब्धप्रशमन’ या नांवाचें स्वतंत्र प्रकरणच लिहिलें आहे; मिळालेला प्रदेश शांत कसा करावा हा त्याचा विषय, आणि तेथील लोकांचें शील, वेष, भाषा व आचार राजानें स्वीकारावे हा त्यांतील उपदेश. परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचा भाग अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत आहे. तेथें अक्षपटलाचें, म्हणजे राजाच्या दप्तरखान्याचें, वर्णन करतांना देश, ग्राम, जाति, कुल व संघ यांचे धर्म, व्यवहार आणि रीति हीं निबंधपुस्तकांत नोंदवून ठेवावीं असें सांगितलें आहे. राजाच्या सौजन्यावर विसंबणें निराळें आणि गांवाची रीत राजाच्याच वहींत चढविणें निराळें. कौटिल्यानें हा भेद ओळखला होता, असें आम्हांस वाटतें.

मराठेशाहींत ही नोंद गांवाच्या हातीं होती. वतनाचा तंटा गोतसभेपुढें येई, निवाड्याचा महजर होई, आणि त्यावर पाटील, कुळकर्णी, चौगुला यांच्याबरोबर बलुतेदारांच्याही निशाण्या पडत. अक्षरशत्रु कुणब्याचा नांगर त्या कागदावर उमटे, आणि इतर कारागिरांच्याही त्यांच्या त्यांच्या हत्यारांच्या खुणा असत. निजामशाही गेली, आदिलशाही आली, पुढें छत्रपतींचें राज्य झालें. परंतु जुना महजर पुढें केला असतां नवें सरकार तो सामान्यतः अमान्य करीत नसे. गांवाचा हक्क राजाच्या सहीवर जितका, तितकाच गांवाच्या स्वतःच्या कागदावर उभा होता. त्या व्यवस्थेंत विषमता पुष्कळ होती व जातीची उतरंड तर पदोपदीं दिसते, हें येथेंच सांगितलें पाहिजे. आम्हांस येथें प्रयोजन फक्त तिच्या टिकाऊपणाच्या कारणाशीं आहे.

तें कारण नाहींसें कसें झालें याचा पहिला अध्याय आमच्या इंदापूर तालुक्यांतच लिहिला गेला. पेशवाई बुडाल्यावर प्रिंगल साहेबांनीं पुणें जिल्ह्याची जी जमीनधारा ठरविली ती इतकी भारी झाली कीं इंदापुराकडील कुळें शेतें टाकून परागंदा होऊं लागलीं. तेव्हां इ. स. १८३५ मध्यें गोल्डस्मिड यांनीं येथें नवी मोजणी हातीं घेतली, विंगेट त्यांस येऊन मिळाले, आणि १८३६ सालीं तीस वर्षांच्या मुदतीची नवी आकारणी इंदापुरास लागू झाली. मुंबई इलाख्याच्या पुढील सर्व मोजणीचें हें मूळपीठ होय. नव्या दरांनीं रयतेस दिलासा मिळाला, यांत शंका नाहीं. परंतु आकार आतां एकेका शेतावर बसला व सरकारचें नातें एकेका खातेदाराशीं जडलें. गांव हा एक समुदाय म्हणून सरकारशीं बोलत असे, तें बोलणें बंद पडलें. पाटील व कुळकर्णी गांवचे मुखत्यार होते ते सरकारचे चाकर झाले. शेतकऱ्याचें ओझें हलकें झालें आणि गांवाचा अधिकारही हलका झाला, अशी ही दुहेरी घटना आहे.

नीरेपलीकडील संस्थानांत हा ओघ शंभर वर्षांनंतर एकदां उलट फिरविण्याचा यत्न झाला. औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे विद्याव्यासंगी पुरुष; भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीस त्यांनीं केलेलें साह्य आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यांनीं १९३८ च्या अखेरीस प्रजेस राज्यकारभार सोपविण्याचें जाहीर केलें, आणि २१ जानेवारी १९३९ रोजीं औंधची राज्यघटना अमलांत आली. ती रचण्यांत युवराज आप्पासाहेब पंत व पोलंडांतून आलेले मॉरिस फ्रिडमन यांचा मोठा हात होता, आणि मसुदा गांधीजींच्या नजरेखालून गेला होता. मतदारास लिहितां वाचतां आलें पाहिजे असा गांधीजींचा आग्रह होता. शाळाखात्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस ती अट प्रथमदर्शनीं गोड वाटते; पण निरक्षराचा नांगर ज्या महजरावर चाले त्याची आठवण झाली म्हणजे तितकी गोड राहत नाहीं.

या घटनेची बांधणी खालून वर होती. संस्थानांत गांवें अवघीं बहात्तर. प्रत्येक गांवीं निवडलेली पंचायत. पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुकासमिति. आणि तालुकासमित्यांनीं पाठविलेल्या सभासदांचें मध्यवर्ती विधिमंडळ. महसुलाचा वांटा पंचायतींच्या हातीं राही व त्यांतून शाळा, विहिरी, रस्ते यांचीं कामें गांवानें करावयाचीं असत. लहानसहान फिर्यादींचा निकालही शक्य तों गांवींच लावण्याची व्यवस्था केली होती. मुंबई प्रांतांत त्या वेळीं १९३३ चा ग्रामपंचायतीचा कायदा होता. परंतु त्यांत पंचायत ही वरून दिलेली, मर्यादित कामांची संस्था होती, आणि पुष्कळ लहान गांवें तिच्यावांचूनच राहिलीं. औंधांत पंचायत हा राज्याचा पाया होता. हा भेद ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व प्रकार याच्यावर अवलंबून आहे.

जुलै १९४६ मध्यें दक्षिणेंतील संस्थानिकांनीं पुण्यास गांधीजींची भेट घेऊन संस्थानांच्या संघाची योजना त्यांच्यापुढें मांडली. पुढील वर्षीं औंध, फलटण, भोर, सांगली, मिरज वगैरे कांहीं संस्थानांनीं करार करून संयुक्त दक्षिण संस्थान उभें केलें. या संघाची घडी बसते न बसते तोंच ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींची हत्या झाली, दक्षिण महाराष्ट्रांत जाळपोळ उसळली, आणि ती आवरण्याचें सामर्थ्य या लहान संस्थानांत नाहीं हें उघड झालें. फेब्रुवारींत संस्थानिकांनीं विलीनीकरणाच्या करारावर सह्या केल्या व ८ मार्च १९४८ रोजीं कारभार मुंबई सरकारकडे गेला.

त्या काळच्या विलीनीकरणाच्या कराराचा नमुना एकदां लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. पहिल्या कलमान्वयें राजा आपल्या संस्थानाचा संपूर्ण अधिकार हिंदुस्थान सरकारास देतो. पुढील कलमें राजाच्या तनख्याचीं, खाजगी मिळकतीचीं, मानमरातबाचीं व गादीच्या वारशाचीं. गांव, पंचायत, नगरपालिका हे शब्दच त्यांत येत नाहींत. हा करार राजा व सरकार यांच्यामधला. तिसरा पक्ष त्यास नव्हता. बहुतेक संस्थानांत ही गोष्ट कोणास खटकली नसती, कारण तेथें राजाखेरीज अधिकारी असा कोणी नव्हताच. औंधांत मात्र नऊ वर्षांपूर्वीं अधिकार प्रजेकडे गेल्याचें जाहीर झालेलें होतें. मग राजानें सही करून दिला तो कोणाचा अधिकार? कायद्याचें उत्तर सरळ आहे: घटना राजाच्या जाहीरनाम्यानें निर्माण झाली होती, म्हणून राजाच्या अधिकाराबरोबर तीही लयास गेली. न्यायाचें उत्तर तितकें सरळ नाहीं.

व्यवहारांत काय घडलें तें थोडक्यांत सांगतों. आरंभीं हीं संस्थानें प्रांताबाहेरील प्रदेशावरील अधिकाराच्या १९४७ च्या कायद्याखालीं चालविलीं गेलीं व प्रांताचे कायदे हुकुमांनीं तेथें लागू होत गेले. १९४९ मध्यें तीं प्रांताचा भाग झालीं, आणि त्याच वर्षीं सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडले. औंध आज सातारा जिल्ह्यांत, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यांत, आणि गुणदाळ कर्नाटकांत आहे. ज्या तालुकासमित्या मिळून एक विधिमंडळ निवडीत त्यांचीं गांवेंच एका छत्राखालीं राहिलीं नाहींत. आटपाडीजवळील स्वतंत्रपूर, म्हणजे भिंतीवांचूनची कैद्यांची वसाहत, तेवढी टिकली. कारण तुरुंगखातें नव्या सरकारांतही होतें, आणि त्या खात्यास ती सांभाळतां आली. पंचायतीच्या राज्यास मात्र नव्या रचनेंत खातें नव्हतें.

आतां दोन थैल्यांची तुलना करावी. राजाचा तनखा करारांत लिहिलेला होता, तो राज्यघटनेच्या २९१ व्या कलमांत चढला आणि १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीपर्यंत चालू राहिला. गांवाचा महसुलांतील वांटा करारांत लिहिलेला नव्हता. तो विलीनीकरणाबरोबर गेला. विलीनीकरण व्हावयास नको होतें असें आमचें म्हणणें नाहीं. बहात्तर विखुरलेल्या गांवांचें राज्य स्वतंत्र राहणें शक्य नव्हतें, आणि नीरेच्या दोन्ही तीरांवर एकच कायदा चालूं लागल्यानें लोकांची सोयही झाली. परंतु करारांत एक कलम अधिक घालण्यास काय अडचण होती, याचें उत्तर आम्हांस मिळालेलें नाहीं. गोव्यांत पोर्तुगीजांसारख्या परक्या सत्तेनेंही इ. स. १५२६ मध्यें अफोंसो मेशिया याच्या फोरालांत गांवकारांच्या रूढि लिहून घेतल्या होत्या. तीही व्यवस्था पुढें पुष्कळ पिळली गेली, पण गांवकारींतून आलेल्या कोमुनिदादी आजही तेथें आहेत.

युरोपांत हा प्रश्न निराळ्या वाटेनें सुटूं पाहत आहे. तेथें क्रोएशिया १ जुलै २०१३ रोजीं संघांत शिरला, तेव्हांपासून तेथील नगरपालिकेस मोठ्या कामाचें टेंडर काढावयाचें तें संघाच्या नियमांनीं, पिण्याचें पाणी तपासावयाचें तें संघाच्या मापानें. भार खालीं येतोच. परंतु १९९२ च्या मास्ट्रिख्ट येथील तहानें प्रदेश व स्थानिक संस्था यांच्या प्रतिनिधींची एक समिति निर्माण केली. तिची पहिली बैठक १९९४ मध्यें झाली. तिचें मत केवळ सल्ल्यापुरतें असतें, म्हणून तिचें कौतुक बेतानेंच करावें. तथापि १ डिसेंबर २००९ पासून अमलांत आलेल्या लिस्बनच्या तहान्वयें, जें काम खालच्या पातळीवर नीट होतें तें संघानें वर ओढूं नये या तत्त्वाचा भंग झाल्यास तिला संघाच्या न्यायालयांत जातां येतें. आणि संघाच्या मूळ तहाच्या चौथ्या कलमांत, सभासद राष्ट्रांच्या प्रादेशिक व स्थानिक स्वराज्याचा संघ आदर राखील, असें शब्दांत घातलें आहे.

आपल्याकडे १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत कायद्यानें व १९६२ च्या जिल्हा परिषदांनीं गांवास पुन्हां कांहीं अधिकार मिळाले, आणि २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनें पंचायतींस राज्यघटनेंतच स्थान दिलें. आतां एका हुकुमानें त्या नाहींशा होणार नाहींत. परंतु त्याच घटनेच्या २५३ व्या कलमान्वयें, परराष्ट्रांशीं झालेला तह अमलांत आणण्यासाठीं संसदेस कोणत्याही विषयावर कायदा करतां येतो, मग तो विषय राज्यांच्या यादींतील असो. आणि स्थानिक स्वराज्य हा त्या यादींतीलच विषय आहे. दक्षिण आशियांतील राष्ट्रांचा १९८५ मध्यें डाक्का येथें स्थापन झालेला सार्क संघ अद्याप सभासदांवर कायदे लादीत नाहीं, म्हणून हें कलम या बाबतींत गांवापर्यंत पोहोंचलेलें नाहीं. उद्यां तसा बळकट संघ झालाच, तर इंदापूर तालुक्यांतील ग्रामपंचायतीस करार होण्यापूर्वीं विचारलें पाहिजे असें सांगणारें कलम आपल्या घटनेंत नाहीं.

औंधच्या पंचायतींविषयीं जें लिहिलें जातें तें बहुधा राजवाड्याच्या व पुढाऱ्यांच्या बाजूनें. गांवची बाजू ठरावबुकांत व जमाखर्चाच्या वह्यांत असावयाची. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ या भागांतील ज्या वाचकांच्या घरीं अथवा चावडीच्या माळ्यावर १९३९ पासूनचीं अशीं बुकें असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या अशी आमची विनंति आहे. विशेषतः फेब्रुवारी व मार्च १९४८ मधील पानें पाहावीं: शिल्लक किती होती, ती कोणाच्या सहीनें व कोणाच्या स्वाधीन केली, आणि त्या अखेरच्या सभेंत पंचांनीं कांहीं ठराव लिहून ठेवला होता काय.