जन्मजात क्षमत्वदोष, व्रणशोथ आणि ग्रामीण वैद्य

व्याधिक्षमत्वाचे विवेचन करताना चक्रपाणिदत्तांनी दोन अंगे सांगितली आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलास विरोध करणे आणि व्याधीची उत्पत्तीच रोखणे. काही बालकांत हे सामर्थ्य बीजदोषामुळे जन्मतःच उणे असते. सुश्रुतोक्त वर्गीकरणात असे विकार आदिबलप्रवृत्त ठरतात. मातृज व पितृज हे त्यांचे भेद होत.

व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व या अवस्था आपण सर्वांनी अभ्यासल्या आहेत. परंतु शोथ हा केवळ विकार नसून शरीराचा प्रतिकारही आहे, हे या बालकांत प्रकर्षाने जाणवते.

ल्युकोसाइट अ‍ॅडहिजन डेफिशियन्सी या विकारात रक्तातील श्वेतपेशी विपुल असतात. परंतु रक्तवाहिनीच्या भित्तीस चिकटून बाहेर पडणे त्यांना साधत नाही. परिणामी व्रण खोल जातो, मांस कुजते, पण पू धरत नाही. बाळाची नाळ 3-4 आठवडे उलटूनही गळून पडत नाही.

क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये याउलट घडते. श्वेतपेशी जंतूस गिळतात, मात्र प्राणवायूपासून मारक द्रव्ये निर्माण करणारे विकर सदोष असल्याने त्यास मारू शकत नाहीत. शोथ शमत नाही. यकृतात विद्रधी, ग्रंथींचा पाक व आंत्रात गाठी वारंवार होतात. कित्येकदा जंतूंवाचूनही शोथ चालूच राहतो. याच्या एका प्रमुख प्रकारात बीजदोष मातेकडून येतो व प्रायः पुत्रांत व्यक्त होतो.

केशोरीसारख्या धानपट्ट्यात एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. कुजके तणस व उकिरडा यांत वाढणारी अ‍ॅस्परजिलस ही बुरशी निरोगी मुलास सहसा बाधत नाही. या मुलांच्या फुप्फुसांत मात्र ती प्राणघातक ठरू शकते.

म्हणून वारंवार गळवे, न्यूमोनिया वा न भरणारा व्रण घेऊन बालक आले, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत : नाळ केव्हा पडली? बीसीजी लसीच्या जागी वा काखेत गाठ चिघळली का? घरात किंवा मामांच्या पिढीत मुलगे तान्हेपणीच दगावले का? उत्तरे संशयास्पद असल्यास रक्तपेशींची गणना करून रुग्णास त्वरित पुढे पाठवावे. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या विकारांचे निदान होते. अशा कुटुंबात पुन्हा अपत्य जन्मल्यास, बीसीजी ही जिवंत जंतूंची लस असल्याने, ती देण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

निदान झाल्यावर प्रतिबंधक प्रतिजैविके व बुरशीरोधक औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात. योग्य रुग्णांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने विकार मुळापासून बरा होऊ शकतो. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात अशा काही विकारांच्या प्रत्यारोपणासाठी अर्थसाहाय्याची तरतूद आहे.

रसायनचिकित्सेवर आपली श्रद्धा आहे आणि ती असावीच. तथापि बीजातच नसलेले विकर कोणतेही रसायन निर्माण करू शकत नाही. ‘आणखी एक महिना औषध घेऊन पाहू’ असे सांगण्यात या बालकाचा अमूल्य काळ जातो. साध्यासाध्यत्वाचा विवेक करून रुग्णास वेळेत योग्य स्थळी पाठविणे हेही वैद्याचे कर्तव्यच आहे.