चरित्रकोशातील नोंद : रचना आणि मर्यादा

स्वरूप

चरित्रकोश म्हणजे निरनिराळ्या क्षेत्रांतील व्यक्तींची संक्षिप्त चरित्रे वर्णानुक्रमाने देणारा संदर्भग्रंथ. मराठीत रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकातच असा प्रयत्न केला. पुढे सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) आणि अर्वाचीन (१९४६) असे तीन चरित्रकोश पुण्यातून निघाले.

मृत्यूची अट

लेस्ली स्टीफन यांच्या संपादनाखाली १८८५ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय चरित्रकोशाने केवळ दिवंगतांनाच प्रवेश दिला. १९०० पर्यंत त्याचे ६३ खंड पूर्ण झाले. जिवंत व्यक्तीचे कार्य अपुरे असते आणि लेखकाला भीडही पडते, त्यामुळे ही अट सोयीची ठरते. मात्र मृत्यूनंतर लगेच लिहिलेल्या नोंदीचा मुख्य आधार वृत्तपत्रांतील मृत्युलेख असतो आणि मृत्युलेखात दोष सांगण्याची रीत नाही.

नोंदीची घडण

नाव, जन्म-मृत्यू, शिक्षण, कार्य, ग्रंथ आणि शेवटी मूल्यमापन हा नोंदीचा रूढ क्रम. खरे कसब क्रियापदांत दिसते. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथून वैद्यकीय पदवी मिळवली आणि कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. पण रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘नेमणूक झाली’ऐवजी ‘सेवा केली’ असे लिहिले, की बाकीच्या तारखा बिनचूक असूनही नोंद चुकीची ठरते.

तारखांचा निर्णय

कोशकाराला एकच तारीख छापावी लागते. साधने मात्र एकमताने बोलत नाहीत. शिवाजी महाराजांच्या जन्माचे बखरींवर आधारलेले वर्ष १६२७ होते. लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली ही घटनांची तारीखवार जुनी नोंद प्रकाशात आणल्यावर शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, हा पक्ष बळावला आणि पुढे महाराष्ट्र शासनानेही तो स्वीकारला. जुना कोश चाळताना त्याच्या छपाईचे वर्ष आधी पाहावे ते यासाठीच.

नोंदींमधील दुवे

वर्णानुक्रम शोध सोपा करतो, पण नाती तोडतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन ही विधवांसाठीची शाळा काढली. तेथे शिकलेल्या बालविधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापले. पहिल्या पत्नीपासूनचे पुत्र रघुनाथ हेही गणिताचेच प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारासाठी त्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. आनंदीबाईंचे पुत्र दिनकर यांच्या पत्नी इरावती मानववंशशास्त्रज्ञ झाल्या. धर्म, शिक्षण, लैंगिक आरोग्य आणि समाजविज्ञान अशी या मंडळींची क्षेत्रे वेगळी, कोशातली पानेही वेगळी. गोदूबाई शोधणाऱ्याला ‘पाहा : कर्वे, आनंदीबाई’ एवढी खूण मिळाली तरच हा पट हाती लागतो. अशा खुणांना कोशातील किरकोळ मजकूर समजणे चूक आहे. तारखा इतरत्रही मिळतात, हे दुवे सहसा मिळत नाहीत.

वगळलेल्या व्यक्ती

निवड साधनांवर अवलंबून असते. ज्यांची पत्रे, ग्रंथ किंवा सरकारी कागद मागे राहिले, त्यांची नोंद सहज होते. कारागीर, सुईणी, तमाशा कलावंत बाहेर राहतात. आनंदीबाई कर्वे यांनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिले नसते, तर पतीच्या नोंदीतील एका ओळीपलीकडे त्यांच्याविषयी फारसे काही उरले नसते. ब्रिटिश कोशाच्या मूळ खंडांतही स्त्रिया फार थोड्या होत्या. पूर्वी राहून गेलेल्या हजाराहून अधिक व्यक्तींसाठी त्या कोशाला १९९३ मध्ये स्वतंत्र पुरवणी खंड काढावा लागला.