बीम कापायचा, पण आधी पात्या पाहू

कबूल केल्याप्रमाणे आज पुढच्या चाकांचे ब्रेक घ्यायचे होते. ते आठवडाभर मागे सारतो, कारण तळोज्याहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो मला फार आवडला. एमआयडीसीत त्यांची फॅब्रिकेशनची शेड आहे, आणि शेडमध्ये 1963 ची फोक्सवॅगन बीटल. डिस्क ब्रेक आणि रुंद टायर बसवले की चाकं मडगार्डाला घासणार, म्हणून त्यांना बीम चार इंचांनी अरुंद करायचा आहे. ते विचारतात, पाइप कापणं-जोडणं हे आमचं रोजचं काम, कळंबोलीच्या लोखंड बाजारात हवा तो पाइप मिळतो, मग लोक याची एवढी धास्ती का घेतात?

अवघड काम पाइपच्या पोटात आहे.

बीम म्हणजे पुढच्या चाकांमधले, एकावर एक बसलेले दोन आडवे पाइप. प्रत्येकात स्प्रिंग पोलादाच्या पात्यांची एक जुडी आरपार जाते. मधोमध ती ग्रब स्क्रूनं जखडलेली, दोन्ही टोकांना चाक धरणारे हात. खड्ड्यात चाक वर गेलं की हात फिरतो आणि जुडीला पीळ बसतो. मध्य जखडलेला असल्यानं डाव्या चाकाचा पीळ उजवीकडे पोचत नाही. फर्डिनांड पोर्श यांनी पिळाच्या स्प्रिंगचं, म्हणजे टॉर्शन बारचं, पेटंट 1931 साली घेतलं, पुढे तीच कल्पना बीटलमध्ये आली. आपल्या अँबॅसडरलाही पुढे टॉर्शन बार होते, पण ते गाडीच्या लांबीत बसवलेले होते. तिथे लांबी भरपूर मिळते. बीटलमध्ये सगळं गाडीच्या रुंदीत, तेही निम्म्यात भागवायचं. एकच जाड सळई एवढ्या थोड्या लांबीत इतका पीळ सोसणार नाही, म्हणून पातळ पात्यांची जुडी. या युक्तीचं मला आजही कौतुक वाटतं.

आता चार इंच कापा. पाइपबरोबर जुडीही कापावी लागते, दोन्ही टोकांना दोन-दोन इंच. ओला पंचा हात लांब ठेवून पिळा, मग जवळ आणून पिळा. फरक मनगटाला कळेल. पिळाचा ताठपणा लांबीच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. समजा अर्ध्या जुडीची कामाची लांबी 18 इंच होती आणि ती 16 झाली, तर ताठपणा साडेबारा टक्के वाढला. शिवाय तेवढाच पीळ आता कमी पोलादावर पडतो, म्हणजे प्रत्येक पातीवरचा ताणही वाढला. तळोज्याच्या अवजड ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर वाढलेला ताठपणा लगेच जाणवेल.

यावर काही जण जुडीतल्या एक-दोन पात्या काढून टाकतात. काढाव्यात, पण अख्ख्या नव्हे. चौकोनी भोकात जुडी घट्ट बसलीच पाहिजे. म्हणून त्या पातीचे छोटे तुकडे मध्यावर आणि टोकांना ठेवायचे, फक्त त्या तुकड्यांमधला भाग काढायचा. नाहीतर जुडी भोकात खुळखुळते आणि ग्रब स्क्रू सैल होत जातो.

कापताना गॅस कटर अजिबात नको. पाती लाल झाली की तिचं पाणी उतरलं, मग ती स्प्रिंग राहत नाही. पातळ चकतीनं, पाणी सोडत, दम घेत कापावी. टोकाला ग्रब स्क्रूसाठी नवी खळगीही तशीच, घाई न करता कोरावी. वरच्या-खालच्या जुड्या मिळून अशा चार जागा. मधल्या तशाच राहतात.

पाइपच्या वेल्डिंगबद्दल या वाचकांना मी काय सांगणार! जिगमध्ये आवळल्याशिवाय टाका मारू नये, एवढंच. टोकांची बेअरिंगं एका रेषेतून हलली तर हात जड फिरतात. शॉकअपचे खांब आत, पेट्रोलच्या टाकीकडे सरकतात, तेही कापण्याआधी मोजावं. चारऐवजी दोन इंचांवर भागत असेल तर मी दोनच म्हणेन.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक दिला, पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. 1963 ची बीटल वयानं यात बसते. म्हणून पनवेलच्या आरटीओत आधी विचारावं आणि मूळ बीमला करवत लावू नये. तो चार बोल्टांवर उतरतो. ग्रीस लावून, गुंडाळून ठेवावा. कापायला दुसरा जुना बीम शोधावा, वेळ लागला तरी.

दरम्यान त्यांनी दोन्ही टाय रॉड मोजून ठेवावेत. आपल्याकडच्या गाडीत स्टिअरिंग बॉक्स उजवीकडे असतो, म्हणून उजवा रॉड आखूड आणि डावा लांब भरेल. बीम अरुंद झाला की दोन्ही कमी करावे लागतात, आणि तिथे चूक झाली तर खड्ड्यात चाक उचलताच गाडी आपोआप वळू पाहते. पुढच्या आठवड्यात आधी ते, आणि जागा उरली तर ब्रेक.