आळशी डोळा : मूल तक्रार करत नाही म्हणून

“आमचा मुलगा लांबच्या बसची पाटी वाचतो, त्याला कशाला तपासायचं?” असं पालक विचारतात. वाचतो, पण कोणत्या डोळ्यानं? दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सगळं निभावून नेतो. दुसऱ्याचा नंबर मोठा असेल किंवा तो तिरळा असेल, तर त्याच्याकडून आलेलं चित्र मेंदू हळूहळू बाजूला टाकायला लागतो. यालाच आपण आळशी डोळा म्हणतो. नाव तसं अन्यायाचंच आहे, कारण डोळा काम करतो, मेंदू त्याचं ऐकत नाही. आणि मुलाला पहिल्यापासून असंच दिसतंय, मग ते तक्रार काय करणार?

घरी एक करून बघा. खेळता खेळता आधी एक डोळा तळहातानं झाका, मग दुसरा. ठरावीक डोळा झाकला की मूल हात ढकलतं, रडतं? मग डॉक्टरांना दाखवा. नाही ढकलला तरी शाळेत घालण्याआधी एकेक डोळा तपासून घ्याच.

उपचार म्हणजे चष्मा, आणि लागली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम दोषाला रोज २ तासही बऱ्याचदा पुरतात. किती वेळ, ते डॉक्टर ठरवतील. वयाच्या ७-८ वर्षांच्या आत गुण चांगला येतो, पुढे कमी कमी होत जातो. “एवढ्याशा पोराला चष्मा? मोठा झाला की लावू,” असं घरातली मोठी माणसं म्हणतात, आणि नेमका तोच काळ निघून जातो.

बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा. तो मोतीबिंदू असू शकतो, क्वचित डोळ्यातला कर्करोगही.