काजू बिसाऊच्या धक्क्यावर

बिसाऊ. नाव ऐकलंय? बहुतेकांनी ऐकलं नसेल. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सेनेगलच्या खाली गिनी-बिसाऊ नावाचा छोटासा देश आहे, त्याची ही राजधानी. अख्ख्या देशाची लोकसंख्या वीस-बावीस लाख, म्हणजे आपल्या एकट्या पुण्यापेक्षाही कमी. पण दिवाळीत तुम्ही जी काजूकतली खाता, तिचा या शहराशी संबंध असू शकतो. आणि तो बघायचा तर जायला हवं थेट बंदरात.

भाषेचं टेन्शन फार घेऊ नका. देशाची राजभाषा पोर्तुगीज, रस्त्यावर चालते ती क्रिओल. पाव, बटाटा, चावी हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांनीच दिले. काजूचंही तसंच. झाड मूळचं ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणलं, तिथून ते कोकणात पसरलं. आफ्रिकेतही तेच घेऊन गेले. त्यामुळे बिसाऊच्या रस्त्यावर ‘काजू’ म्हणा, दुभाषा लागणार नाही.

समुद्र नाही, नदी

बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जेएनपीटीच्या उंच क्रेन येतात. ते चित्र आधी पुसून टाका. बिसाऊचं बंदर गेबा नदीच्या रुंद मुखावर आहे. भरती-ओहोटीतला फरक इतका मोठा, की ओहोटीला लांबच लांब चिखल उघडा पडतो आणि त्यात लाकडी होड्या तिरक्या होऊन बसलेल्या दिसतात. नदी गाळ आणते, वाट उथळ होते. त्यामुळे जगातली महाकाय कंटेनर जहाजं इथवर येतच नाहीत. छोटी जहाजं माल उचलतात, मोठ्या बंदरात नेऊन सोडतात आणि तिथून तो भारत किंवा व्हिएतनामकडे निघतो.

जायचं तर एप्रिलच्या पुढे, काजूच्या सीझनमध्ये. एरवी सुस्त वाटणारं हे बंदर तेव्हा जागं होतं. गावोगावच्या काजूबिया ट्रकमधून राजधानीकडे येतात आणि वखारींतून धक्क्याकडे सरकतात. गोण्या तागाच्या, सुमारे ऐंशी किलोच्या. त्या उचलायला आजही माणसाचीच पाठ लागते. आणि हो, कोणत्याही बंदरात परवानगीशिवाय मोबाइल काढून रील करायला जाऊ नका. इथे तर नकोच.

ऐंशी किलोत किती गर?

या व्यापारातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग म्हणजे काजूची ‘परीक्षा’. गोण्यांमधून थोड्या थोड्या बिया काढून एक किलोचा नमुना करतात. आधी बिया मोजायच्या. किलोत जितक्या कमी, तितकी बी मोठी. मग एकेक बी कापायची आणि चांगले गर, डागाळलेले गर, किडके गर असे ढीग वेगळे करायचे. यावरून हिशेब निघतो, की ऐंशी किलोच्या गोणीतून किती पौंड गर मिळेल. याला म्हणतात आउटटर्न. गोणी किलोत आणि गर पौंडात, असं हे विचित्र माप आहे, पण जगभर तेच चालतं. गिनी-बिसाऊच्या काजूचं नाव आहे ते यामुळेच. इथला चांगला माल पन्नास पौंडांच्या वर जातो. पन्नास पौंड म्हणजे साधारण पावणेतेवीस किलो गर. बाकीचं सगळं टरफल!

दुसरी काळजी ओलाव्याची. बी नीट वाळलेली नसेल, तर बंद कंटेनरमध्ये वाफ धरते, पाणी सुटतं आणि मुक्कामाला पोचेपर्यंत बुरशी. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत माल वाळवायची आणि हलवायची घाई असते. जूननंतर इथेही आपल्यासारखाच धो-धो पाऊस.

एकाच पिकावर देश

आता खरा मुद्दा. गिनी-बिसाऊच्या निर्यातीच्या कमाईतला नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या काजूचा आहे. आणि तो जवळजवळ सगळा कच्चा, टरफलासकट जातो. देशात प्रक्रियेचे कारखाने आहेत, पण थोडे. काजू फोडायचा तर भरवशाची वीज हवी, महिनोन् महिने माल साठवून ठेवायला स्वस्त कर्ज हवं, सराईत हात हवेत. टरफलातलं तेल लागलं तर कातडी सोलवटते, त्यामुळे हे काम येरागबाळ्याचं नाही. परिणाम असा, की बी इथली, पण फोडणं, सोलणं, प्रतवारी, पॅकिंग आणि त्यावरची कमाई दुसऱ्या देशात.

शेतकऱ्यासाठी हा विषय थेट जेवणाचा आहे. इथलं मुख्य अन्न भात. आशियातून तांदूळ बंदरात उतरतो आणि गावात अनेकदा काजूच्या बदल्यात तांदूळ अशी सरळ अदलाबदल चालते. दर चांगला असेल तर किलोला किलो. दर पडला, की तेवढ्याच तांदळासाठी दोन-तीन किलो काजू मोजावा लागतो. सीझनच्या सुरुवातीला सरकार किमान दर जाहीर करतं, पण तो झाडाखाली बी वेचणाऱ्या बाईच्या हातात पडेलच असं नाही. मधे दलाल आहेत, वाहतूक आहे. शिवाय ग्राहक मोजकेच: भारत आणि व्हिएतनाम.

काळी मूठ

बंदराजवळच्या चौकात एक प्रचंड काळी मूठ उभी आहे. सेल्फी पॉइंट समजून पुढे जाल, म्हणून तिची गोष्ट सांगते. या जुन्या धक्क्याचं नाव पिजिगिती. ३ ऑगस्ट १९५९ रोजी इथले गोदी कामगार आणि होड्यांवरचे खलाशी संपावर गेले. मागणी साधी होती, पगार वाढवा. ते कासा गोवेया या पोर्तुगीज व्यापारी कंपनीसाठी राबत होते. वसाहतीच्या पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा आकडा वेगवेगळा सांगितला जातो. स्वातंत्र्य चळवळीने तो सुमारे पन्नास सांगितला.

या चळवळीचा नेता आमिल्कार काब्राल हा कृषिशास्त्रज्ञ होता. १९५३मध्ये त्याने या देशाची शेतीगणना केली होती, त्यामुळे गावं त्याला पाठ होती. पिजिगितीनंतर महिनाभरात चळवळीने ठरवलं, की शहरातले संप पुरेत, आता खेड्यांत जायचं. १९६३मध्ये सशस्त्र लढा सुरू झाला. आपला गोवा त्याच पोर्तुगीज राजवटीतून डिसेंबर १९६१मध्ये मुक्त झाला. गिनी-बिसाऊने २४ सप्टेंबर १९७३ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि पोर्तुगालने ते मान्य केलं १९७४मध्ये. काब्रालला ते बघता आलं नाही. जानेवारी १९७३मध्ये त्याची हत्या झाली होती. त्याची समाधी बंदरापासून जवळच, आमुरा किल्ल्यात आहे.

धक्क्यावरून काय दराने काय जातं आणि ते वाहणाऱ्याला काय मिळतं, या प्रश्नावर इथे माणसं मेली आहेत. आज धक्क्यावर गोळ्या चालत नाहीत. प्रश्न मात्र मिटलेला नाही.

आणि आपण?

या साखळीचं दुसरं टोक आपल्याकडेही आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, चंदगड, आजरा, गोवा. कोकणातली बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून कच्चा काजू येतो. त्यावर कारखाने चालतात, काजू सोलणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरात पगार येतो. दुसरीकडे आपले बागायतदार म्हणतात, की आयात मालामुळे आमच्या बीला दर मिळत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच ‘आयात बंद करा’ किंवा ‘चालू द्या’ इतक्या एका ओळीत हा विषय संपत नाही.

गंमत म्हणजे दोन्हीकडचा सीझनही साधारण एकाच वेळी येतो. बोंडू पिकतात, बिया अंगणात वाळत पडतात. बोंडवाच्या रसाची गोव्यात फेणी होते, तिथे बायका वाइन करतात. मार्च-एप्रिलमध्ये कणकवलीचा बागायतदार आणि बिसाऊकडे ट्रक भरणारा शेतकरी एकच प्रश्न विचारत असतात, यंदा दर काय? फक्त तो विचारताना एकाला दुसरा माहीत नसतो.