मराठी माध्यमातून सायन्सला आलात? आधी संज्ञा पक्क्या करा

डांगे चौकातून क्लासला जाणाऱ्या थेरगावच्या मुला-मुलींनो, नीटचा पेपर मराठीत घेता येतो, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरतात. एमएचटी-सीईटीत गणित तर फक्त इंग्रजीत असतं. त्यामुळे इंग्रजी संज्ञा टाळून चालणारच नाही.

शाळेतलं बल, त्वरण, संवेग तुम्हाला येतंच. त्यांना फोर्स, ॲक्सलरेशन, मोमेंटम जोडायचंय, एवढंच. अडलं तर भाषा संचालनालयाचे (स्थापना १९६०) परिभाषा कोश ऑनलाइन मोफत आहेत. इतका मोठा ठेवा, नक्की उघडून बघा!

जीवशास्त्रात मात्र सुटे शब्द घोकू नका, मूळ धरा. ग्रीकमध्ये ‘नेफ्रॉस’ म्हणजे मूत्रपिंड. त्यातून नेफ्रॉन, नेफ्रायटिस, नेफ्रॉलॉजी. शेवटी ‘आयटिस’ आलं की दाह. ‘हेपार’ म्हणजे यकृत, मग हेपॅटायटिस काय ते तुम्हीच सांगाल. ‘आर्थ्रॉन’ म्हणजे सांधा, त्यावरून आर्थ्रायटिस. येता-जाता हॉस्पिटलच्या पाट्या वाचा, छान सराव होतो.

वहीत डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे मराठी अर्थ आणि मूळ. तीन-चार दिवसांनी उजवी बाजू झाकून आठवून लिहा. अडलेले शब्द वेगळ्या पानावर काढा आणि पुढच्या आठवड्यात तेवढेच पुन्हा घ्या.