सुईतून दिले जाणारे स्टेरॉइड : उपयोग आणि दुष्परिणाम

माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली एक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम भरते. पण या दोन्ही ग्रंथी रोगाने नासल्या तर माणूस क्षीण होत होत मरतो, असे वर्णन लंडनच्या गायज रुग्णालयातील टॉमस ॲडिसन यांनी १८५५ सालीच करून ठेवले आहे. या ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून, म्हणजे बाह्यकातून, जी हॉर्मोने स्रवतात त्यांना आणि त्यांच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनविलेल्या औषधांना कॉर्टिकोस्टेरॉइड असे नाव आहे. बोलताना रुग्ण आणि डॉक्टर दोघेही नुसते ‘स्टेरॉइड’ म्हणतात. पहिलवान आणि खेळाडू स्नायू वाढविण्यासाठी घेतात ती स्टेरॉइडे निराळी. त्यांचा येथे संबंध नाही.

या औषधाची कथा अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर या गावी सुरू होते. तेथील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच हे संधिवाताचे तज्ज्ञ होते. सांध्यांच्या आतल्या अस्तराला सूज येऊन सांधे हळूहळू नासत जातात व बोटे वाकडी होतात, अशा चिवट संधिवाताचे रुग्ण त्यांच्याकडे येत. आपल्याकडे या रोगाला आमवात म्हणण्याचा प्रघात आहे. १९२९ साली अशा एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्या काळात त्याचे सांधे दुखेनासे झाले. गर्भारपणातही कित्येक स्त्रियांचा हा विकार मागे हटतो, असे हेंच यांना पुढे आढळले. तेव्हा रोगाला परतवून लावणारे काही द्रव्य शरीरातच निर्माण होत असले पाहिजे, असा तर्क त्यांनी बांधला. त्याच संस्थेत रसायनज्ञ एडवर्ड केंडल हे गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींमधून एकामागून एक संयुगे वेगळी करीत होते आणि इंग्रजी मुळाक्षरांवरून त्यांना नावे देत होते. त्यांतील ‘ई’ हे संयुग वापरून पाहावे असे दोघांनी १९४१ साली ठरविले. पण ते पुरेसे हाती येण्यास आणखी सात वर्षे लागली, कारण ग्रंथींमधून ते कणाकणानेच मिळे. अखेर मर्क कंपनीतील ल्यूइस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तातील आम्लापासून ते बनविण्याची लांबलचक वाट शोधून काढली.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी एका २९ वर्षांच्या स्त्रीला त्याचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. आजाराने ती जवळजवळ अंथरुणाला खिळलेली होती. दररोज १०० मिलिग्रॅम औषध स्नायूत टोचले जाऊ लागले आणि तीन-चार दिवसांतच तिची हालचाल सुधारली. आठवड्याभरात ती गावात जाऊन खरेदी करून आली. १९४९ साली हे निष्कर्ष जाहीर झाले, संयुग ‘ई’ला ‘कॉर्टिसोन’ हे नाव मिळाले आणि १९५० साली हेंच, केंडल आणि बाझेलचे टाडेउश राइकश्टाइन यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या झटपट मान्यता पावलेली औषधे थोडीच असतील.

परंतु त्याच पहिल्या रुग्णांमध्ये दोन गोष्टी दिसून आल्या होत्या. इंजेक्शने थांबताच दुखणे परत आले. आणि मोठ्या मात्रेत ती चालू ठेवली तर चेहरा चंद्रासारखा वाटोळा होई, मन अस्थिर होई. हे औषध रोग बरा करीत नाही, हे स्वतः हेंच सांगत होते. लोकांनी मात्र चमत्कार तेवढा लक्षात ठेवला.

रोग बरा न करता औषध आराम कसा देते, हे समजून घेतले म्हणजे पुढचे सारे उलगडते. शरीरात कोठे इजा झाली, जंतू शिरले, किंवा शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच अवयवावर उलटली, की त्या जागी दाह होतो. रक्त धावते, पेशी जमतात, सूज येते, दुखू लागते. स्टेरॉइड पेशीच्या आत शिरून थेट तिच्या केंद्रकापर्यंत पोहोचते आणि दाह पेटविणारी द्रव्ये तयार करण्याचे आदेशच दाबून टाकते. दाह कशामुळे झाला, याची ते विचारपूस करीत नाही. चुकून भडकलेला दाह आणि जंतूंशी लढण्यासाठी आवश्यक असलेला दाह, दोन्ही त्याला सारखेच.

कॉर्टिसोन सांध्यात टोचून मात्र फारसा उपयोग होत नसे. त्याचे कारण पुढे कळले. कॉर्टिसोन हे स्वतः निष्क्रिय असते. यकृतात त्याचे हायड्रोकॉर्टिसोन झाल्यावरच ते काम करू लागते. फिलाडेल्फियाचे जोसेफ हॉलँडर यांनी १९५१ साली हायड्रोकॉर्टिसोनच थेट सांध्यात टोचण्याची रीत प्रसिद्ध केली आणि ‘गुडघ्यातले इंजेक्शन’ जगभर रूढ झाले. आज त्यासाठी बहुधा ट्रायॲम्सिनोलोन किंवा मेथिलप्रेडनिसोलोन ही औषधे वापरतात. त्यांचे बारीक स्फटिक पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. ते सांध्यात साचून राहतात आणि हळूहळू विरघळत काही आठवडे पुरतात. आखडलेला खांदा, आमवाताने सुजलेला एखादाच सांधा, टाचेचे वा कोपराचे दुखणे यांत या सुईने मिळणारा आराम खरा असतो. रुग्णाला त्या काळात व्यायाम करता येतो, आणि पुष्कळदा सुईपेक्षा या व्यायामाचाच लाभ अधिक टिकतो.

झिजेच्या संधिवातात गोष्ट वेगळी आहे. बॉस्टनमधील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुडघे झिजलेल्या १४० रुग्णांना दोन वर्षे दर तीन महिन्यांनी सुई देण्यात आली; निम्म्यांना ४० मिलिग्रॅम ट्रायॲम्सिनोलोन आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. दोन वर्षांनंतर वेदनेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. कूर्चा मात्र स्टेरॉइड घेतलेल्या गटात अधिक झिजलेली आढळली. एखाद्या वेळी घेतलेल्या सुईला हे लागू होतेच असे नाही. वर्षाला चार सुया ठरवून घेणाऱ्याने मात्र हा निष्कर्ष विसरू नये.

सुई ज्या जागी पडते तेथील काही परिणाम लवकर दिसतात. पहिले एक-दोन दिवस सांधा अधिकच ठणकू शकतो. औषध त्वचेलगत राहिले तर तेथील कातडी पातळ होते, खळगा पडतो, रंग उडतो, आणि सावळ्या अंगावर तो डाग ठळकपणे दिसतो. गंमत अशी की जुन्या जखमेच्या वणावर वाढलेल्या कठीण गाठीत हेच औषध मुद्दाम टोचतात, कारण तेथे ऊतक विरघळून पातळ व्हावे हीच अपेक्षा असते. कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत, सुई शिरली तर ती कमकुवत होऊन तुटू शकते. टाचेमागच्या जाड कंडरेच्या बाबतीत डॉक्टर म्हणूनच फार जपतात. सांध्यात जंतू जाणे विरळा, पण घडले तर सांधाच जायबंदी होतो. अमेरिकेत २०१२ साली मॅसॅच्युसेट्समधील एका औषधनिर्मिती केंद्रात बनलेल्या मेथिलप्रेडनिसोलोनच्या कुप्यांमध्ये बुरशी शिरली होती. पाठदुखीसाठी ते कण्यात टोचून घेतलेल्या सातशेहून अधिक लोकांना मेंदूज्वर व अन्य संसर्ग झाले, आणि साठाहून अधिक माणसे दगावली. येथे दोष औषधाचा नव्हे, अस्वच्छतेचा होता. तरी जेथे बुरशी पोहोचली तेथे शरीराचा प्रतिकार दडपून टाकणारे औषधही सोबतच गेले होते, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

प्राण वाचविण्याच्या कामी या सुईचा जो वाटा आहे, त्यात सर्वांत लक्षणीय उपयोग पोटातल्या बाळासाठी होतो. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे लिगिन्स यांना असे दिसले की गर्भातच स्टेरॉइड मिळालेली कोकरे वेळेआधी जन्मली तरी श्वास घेऊ शकतात. त्यांनी व हॉवी यांनी १९७२ साली माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. वेळेआधी कळा सुरू झालेल्या मातेला बीटामेथासोन टोचले की ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि त्याची फुप्फुसे लवकर पक्व होतात. भारत सरकारने २०१४ साली डेक्सामेथासोनच्या सहा-सहा मिलिग्रॅमच्या चार सुया, दर बारा तासांनी एक, अशी पद्धत घालून दिली आणि वरच्या रुग्णालयात पाठविण्याआधी पहिली सुई देण्याची मुभा परिचारिकेलाही दिली.

पण येथेही ‘दिले की भले होते’ असे नाही. नागपूर व बेळगाव परिसरासह सहा देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत ही सुई गावपातळीवर सढळपणे देण्यात आली. नवजात बालकांचे मृत्यू घटण्याऐवजी एकंदरीत थोडे वाढले आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशय अधिक आढळला. सुई मिळालेल्या पुष्कळ स्त्रिया प्रत्यक्षात पूर्ण दिवसांनी बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या बाळांना लाभ काहीच नव्हता. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत गर्भाचे दिवस सोनोग्राफीने नीट मोजून आणि जन्मलेल्या बाळाच्या देखभालीची सोय असेल तेथेच सुई दिली, तेव्हा दर शंभर बाळांमागे सुमारे चार मृत्यू टळले. हा निष्कर्ष २०२० सालचा. औषध तेच, मात्राही तीच होती.

त्याच वर्षी करोनाच्या साथीत ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखविले की रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. ज्यांना प्राणवायूही लागत नाही त्यांना मात्र काही लाभ होत नाही. हा उत्तरार्ध पुष्कळांच्या कानांवर पडलाच नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात भारतात काळ्या बुरशीचे चाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतील बहुतेकांना मधुमेह होता आणि बहुतेकांना स्टेरॉइड दिले गेले होते. स्टेरॉइड रक्तातील साखर वाढविते, आणि वाढलेली साखर व दबलेला प्रतिकार या दोन्ही गोष्टी बुरशीला हव्याच असतात. गुडघ्यातल्या एका सुईनेही मधुमेहीची साखर काही दिवस चढी राहू शकते. त्या दिवसांत ती तपासत राहणे एवढाच उपाय असतो.

औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने घसा सुजून रक्तदाब कोसळतो, तेव्हा प्रथम स्टेरॉइडची सुई देण्याची सवय काही दवाखान्यांत दिसते. ती घातक आहे. पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन काम करणाऱ्या या औषधाला तासन्‌तास लागतात, आणि रुग्णाच्या हाती मिनिटेच असतात. तेथे पहिला मान ॲड्रिनॅलिनचा.

सर्वांत अदृश्य परिणाम खुद्द अधिवृक्क ग्रंथीवर होतो. निरोगी माणसाचे शरीर दिवसाला साधारणतः दहा ते वीस मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन बनविते. डेक्सामेथासोनच्या एका लहानशा कुपीत आठ मिलिग्रॅम औषध असते, आणि त्याचे बळ दोनशे मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनहून अधिक भरते. बाहेरून इतके येत राहिले की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी ‘पुरे’ असे समजते आणि अधिवृक्काला आदेश देणे थांबविते. दोन-चार दिवसांच्या उपचाराने बिघडत नाही. परंतु दम्यासाठी, अंगदुखीसाठी किंवा नुसत्या अशक्तपणासाठी महिनोन्‌महिने सुया घेणाऱ्याच्या ग्रंथी सुस्त होऊन आक्रसतात. हाडे ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू धरतो, दंडाची कातडी कागदासारखी होते. आणि त्याला पुष्कळदा हेही ठाऊक नसते की आपण स्टेरॉइड घेत होतो, कारण कागदावर औषधाचे नाव लिहिलेले नसते.

अशा माणसाने सुया एकाएकी सोडल्या, किंवा त्याला अपघात, शस्त्रक्रिया अथवा मोठा ताप यांना तोंड द्यावे लागले, तर ग्रंथी वेळेवर जाग्या होत नाहीत. उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, भान हरपते. ॲडिसन यांनी वर्णिलेल्या स्थितीचेच हे तातडीचे रूप होय. म्हणून दीर्घकाळचे स्टेरॉइड मात्रा कमी करीत करीत, कधी कधी कित्येक महिने घेऊन, सोडावे लागते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी मागच्या वर्षातील सुयांची माहिती डॉक्टरांना द्यावी लागते. रुग्ण कोसळलाच, तर उपचार एकच असतो : शिरेतून सलाइन आणि १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन.